पोट्सडामवाले नाना

गावाच्या काडीच्याही उपयोगाचं नसलेलं काहीतरी ज्याला संपूर्ण माहीत असतं, असा एक माणूस प्रत्येक गावात असतोच. कुणाला बंद पडलेल्या एसटी गाड्यांच्या वेळा पाठ असतात, कुणाला अमेरिकेच्या अध्यक्षांच्या भानगडी. घोडेगावच्या वाट्याला नाना आले. जर्मनीतल्या बायकांची पहिल्या दर्जाची फुटबॉल लीग, म्हणजे फ्राउएन-बुंडेसलिगा, नानांना तोंडपाठ आहे.

नानांनी आयुष्यात फुटबॉलला लाथ मारलेली नाही. नगर–संभाजीनगर रस्त्यावरचं आमचं गाव प्रसिद्ध आहे ते शुक्रवारच्या म्हशींच्या बाजारामुळे आणि कांद्याच्या लिलावामुळे. पोरांकडे चेंडू सापडला तर तो क्रिकेटचाच. कोल्हापूर असतं तर गोष्ट वेगळी. तिथे पाटाकडील आणि खंडोबा तालमीची मॅच असली की अख्ख्या पेठा शाहू स्टेडियमवर लोटतात. पण नाना पडले नेवासा तालुक्यातले, अडीच एकर कांदावाले.

हे खूळ शिरलं ते ३० ऑक्टोबर २०२२ ला. नाना पुतण्याकडे नेरूळला गेले होते. सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप भारतात चालू होता. आपल्या पोरी अमेरिकेकडून आठ, मोरोक्कोकडून तीन आणि ब्राझीलकडून पाच गोल खाऊन केव्हाच बाहेर पडल्या होत्या. पुतण्याने चुलत्याला डी. वाय. पाटील स्टेडियमवर नेलं. तिसऱ्या नंबरासाठी जर्मनी आणि नायजेरिया भिडले होते. जर्मन पोरी तीन गोलांनी मागे पडल्या, मग त्यांनी तीन फेडले, आणि मग पेनल्टीत हरल्या. नाना म्हणतात, “कर्ज फेडलं आन् शेवटी जप्ती आलीच. म्हणलं, ही आपली माणसं हायेत.”

घरी येताच त्यांनी या पोरी पुढे कुठे खेळणार याचा शोध सुरू केला, आणि लीगपाशी येऊन थांबले. लीग तेव्हा बारा संघांची, प्रत्येकाचे बावीस सामने, सप्टेंबर ते मे. म्हणजे आमचा लाल कांदा बाजारात यायच्या आधी सुरू आणि गावरान कांदा चाळीत पडल्यावर बंद. या योगायोगाला नाना योगायोग मानत नाहीत.

त्यांचं दफ्तर बघण्यासारखं आहे. अडत्याकडून मिळालेल्या पट्ट्या त्यांनी तारेला ओवून ठेवल्यात. पट्टीच्या पुढच्या बाजूला गोण्या, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हाती आलेली रक्कम. मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने बारा संघांचा तक्ता. वर बायर्न आणि वुल्फ्सबुर्ग, त्यांच्यापुढे कंसात कांद्याची प्रत, ‘मोठा’. मधल्यांना ‘मध्यम’. खालच्या चारांना ‘गोल्टी’. एका संघापुढे नुसती ‘जोड’ अशी नोंद होती. मी विचारलं, हे काय? नाना म्हणाले, “बाहेरून चांगला दिसतो, बचाव फुटलेला हाय.”

चहाच्या टपरीवर त्यांना पहिला विरोध झाला तो एका निवृत्त गुरुजींकडून. “नाना, बायकांचा फुटबॉल कसला बघता?” नाना याच प्रश्नाची वाट बघत बसलेले असतात. त्यांनी सांगितलं, की जर्मन फुटबॉल महासंघानेही असंच म्हणून १९५५ मध्ये बायकांच्या खेळावर बंदी घातली आणि ती १९७० पर्यंत चालवली. बाया तरीही खेळत राहिल्या. लीग निघायला १९९० उजाडलं. “आन् तुम्ही हसू नका गुरुजी. हितून शिंगणापूर केवढं? तिथल्या शनीच्या चौथऱ्यावर बायांनी पाय ठेवला २०१६ ला.” गुरुजींनी चहा बशीत ओतला आणि पावसाचा विषय काढला.

पण नानांच्या भक्तीचं खरं कारण स्त्रीमुक्ती नव्हे. ते मला फेब्रुवारी २०२३ मध्ये कळलं. कांदा कोसळला होता. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्यापोटी दोन रुपयांचा चेक मिळाल्याची बातमी महाराष्ट्रभर फिरत होती. आमच्या आवारात माणसं पट्टी हातात घेऊन नुसती उभी होती. नाना मात्र पट्टी उलटी करून तक्ता लिहीत होते. मी म्हटलं, नाना, तुम्हाला हे सुचतं कसं?

“हे बघ,” नाना म्हणाले, “मॅच जिंकली की तीन गुण. बरोबर? आवक वाढली, तीनच. निर्यात बंद झाली, तीनच. समोरचा संघ नाशिकचा असू दे का नगरचा, तीनच. पेरायच्या आधी भाव माहीत असतो राव! आख्ख्या जगात हमीभाव फक्त तिथं हाय.”

पुढे सरकारने क्विंटलला साडेतीनशे रुपये अनुदान जाहीर केलं, तेव्हाही नानांचा पहिला प्रश्न होता, “गुण कधी खात्यावर पडत्यात?”

सामना दिसतोच असं नाही. बहुतेकदा मोबाइलवर आकडा हलतो, तेवढाच. आपण हिवाळ्यात जर्मनीच्या साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. त्यामुळे तिकडचा संध्याकाळचा सामना इकडे मध्यरात्रीला टेकतो, आणि शेतीची लाईट रात्रपाळीची असली तर तो नेमका पाण्याच्या बाऱ्यावर येतो. त्याच वर्षी मार्चमध्ये बायर्नने वुल्फ्सबुर्गला १–० हरवलं आणि लीगचं पारडं फिरलं, त्या बातमीच्या नादात नानांनी दारं मोडायचं विसरून शेजाऱ्याचा हरभरा भिजवला. तो भांडायला आला. नानांनी त्याला गुणांचं गणित समजावलं. शेजारी आजही बायर्नच्या नावाने बोटं मोडतो, बायर्न कोण आहे हे न कळता.

एप्रिलमध्ये कोलोनला फ्रँकफर्टविरुद्धच्या सामन्याला ३८,३६५ माणसं आली, तो लीगचा तेव्हाचा उच्चांक. नानांनी हा आकडा आठवडाभर आल्यागेल्याला ऐकवला. शुक्रवारी तो म्हशींच्या बाजारातही पोचला. त्या भागात नानांना खरा श्रोता मिळाला तो वुल्फ्सबुर्गच्या अलेक्झांड्रा पॉपमुळे. त्या हंगामात सर्वाधिक, सोळा गोल तिचेच. पण नानांनी सांगितलं ते वेगळंच: या बाईने प्राणिसंग्रहालयात जनावरं सांभाळायचं रीतसर शिक्षण घेतलंय. दलाल मंडळी चमकली. रुमालाखाली कुणाची तरी बोटं धरलेला एक दलाल तशीच बोटं धरून म्हणाला, “कोणती जनावरं?”

“झूमधली.”

“मग दुधाला काय?”

नानांकडे उत्तर नव्हतं. दलालाने सौदा पुढे चालू केला. वुल्फ्सबुर्गबद्दलची बाजारातली आस्था तिथे संपली.

नानांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, या लीगबद्दलचं मत एका वाक्याचं आहे. नानांनी त्यांना एकदा कौतुकाने सांगितलं, की १९८९ ला जर्मन बायांनी नॉर्वेला ४–१ हरवून युरोपचं अजिंक्यपद मिळवलं, आणि महासंघाने प्रत्येकीला बक्षीस दिलं. काय दिलं, काकूंनी विचारलं. कॉफीचा सेट, नाना म्हणाले. हे अगदी खरं आहे, फुलाफुलांचा कपबशांचा सेट. काकूंनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, “म्हंजी जिंकून आल्यावर परत चहा त्यांनीच करायचा.” नानांच्या अभ्यासात हा मुद्दा कुठेच नव्हता. दोन दिवस ते टपरीवर गप्प होते.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. नाना बायर्नचे नाहीत, वुल्फ्सबुर्गचेही नाहीत. नाना टुर्बिने पोट्सडामचे आहेत. जुन्या पूर्व जर्मनीतला १९७१ चा हा संघ, सहा वेळा लीग जिंकलेला, दोनदा युरोपचा विजेता. त्याच्या मागे पुरुषांचा कुठला बडा क्लब नाही. बड्यांनी बायकांच्या संघात पैसा ओतायला सुरुवात केली आणि असे एकांडे संघ मागे पडत गेले. सात वेळा जिंकलेला १. एफएफसी फ्रँकफर्ट २०२० मध्ये आइनट्राख्टमध्ये विलीन झाला. पोट्सडाम तसाच राहिला. नानांच्या भाषेत फ्रँकफर्टने कंपनीशी करार केला, पोट्सडामने चाळ विकली नाही.

२८ मे २०२३. शेवटचा दिवस. बायर्नला किताबासाठी विजय हवा होता आणि समोर होता तळाला जाऊन केव्हाच लीगबाहेर पडलेला पोट्सडाम. आकडा अकरा–एकवर थांबला. नाना चाळीत कांदा निवडत बसले होते. मी भीत भीत विचारलं, नाना, अकरा?

“अकरा झाले तरी गुण तीनच ना,” नाना म्हणाले. “बाकीचे आठ गोल वाया घातले त्यांनी. माजलेल्याचा हिशोब असाच असतोय.” आणि थोड्या वेळाने, “एक आपलाबी झाला.”

पोट्सडाम वर्षभरात परत वर आला. नानांनी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला, का पाजला हे कुणाला कळलं नाही. २०२४–२५ च्या हंगामात त्याच पोट्सडामने बावीस सामन्यांत मिळून एक गुण मिळवला आणि पुन्हा खाली गेला. त्या हंगामापुरता खाली जाणारा संघ एकच होता, कारण पुढच्या वर्षी लीग चौदा संघांची व्हायची होती. म्हणजे सगळ्यांना माफी, फक्त पोट्सडामला नाही. कर्जमाफीच्या यादीत नाव न सापडलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. नानांनी तो एक गुण पट्टीमागे लिहिला आणि त्याला लाल शाईने गोल केला.

गेल्या दिवाळीला पुतण्या नेरूळहून बायर्नचा लालभडक जर्सी शर्ट घेऊन आला. पुतण्याला बायर्न आणि पोट्सडाममधला फरक पाच मिनिटं ऐकावा लागला, तो त्याने मुकाट्याने ऐकला. शर्ट मात्र नानांनी ठेवून घेतला. परवा बांधावरून जाताना बघितलं तर नाना पाठीवर पंप, तोंडाला फडकं आणि अंगात बायर्न घालून कांद्यावर फवारणी करत होते.

“काय नाना,” मी ओरडलो, “पक्ष बदलला का?”

“चांगला घालून कोण फवारणी करतंय?” नाना म्हणाले, आणि पुढच्या वाफ्यात शिरले.