पुन्हा लावणारे

येरवड्यातल्या कुठल्याही सोसायटीत हे काका सापडतात. कल्याणीनगरच्या बाजूला सरकलात तर मजल्यागणिक एक. उभा जन्म भोसरी-पिंपरीच्या कारखान्यात, बहुतेक क्वालिटी कंट्रोलला गेलेला. स्वयंपाकघराशी संबंध चहाचा कप सिंकमध्ये ठेवण्यापुरता, तोही पाणी न घालता. मग 2020 चा लॉकडाऊन आला, भांड्यांच्या मावशी गेटवरच अडल्या आणि घरात डिशवॉशर आलं. मशीन म्हटल्यावर मॅन्युअल आलं. काकांनी ते वाचलं, आणि तिथे सगळं बिघडलं.

कारण भांडी घासणं हे आजवर नुसतं काम होतं. भांडी लावणं हे तंत्र निघालं.

रात्रीची जेवणं आटोपली की काकू भांडी लावतात. त्या वेळी काका हॉलमध्ये पेपर घेऊन बसलेले असतात, पण कान आत. "झालं?" "झालं." मग काका उठतात, चष्मा पुसतात, दार उघडतात आणि पंचनाम्याला आलेल्या फौजदारासारखे खालच्या रॅककडे बघत उभे राहतात. मग एक उसासा. मग पहिली वाटी बाहेर.

"वाटीत वाटी! अगं, पाणी वरून पडत नाही इथे. खालून कारंज्यासारखं उडतं. आतल्या वाटीला ते लागणार कुठून?"

बोलणं रास्त असतं, हीच तर खरी अडचण. प्रत्येक भांडं पालथं आणि जरा कलतं हवं, म्हणजे फवारा आत जातो आणि पाणी निथळून जातं. प्लास्टिकचे डबे वरच्या रॅकमध्ये, कारण बऱ्याच मशिनांत तापायची सळई तळाशी असते. सुऱ्या टोक खाली करून. चमचे एका दिशेनं लावले की एकमेकांच्या कुशीत शिरून झोपतात, म्हणून काही तोंड वर, काही तोंड खाली. आणि शेवटी काकांचा आवडता प्रयोग: फवाऱ्याचा पंखा बोटानं फिरवून बघायचा. पंखा अर्धा फिरतो आणि आमटीच्या डावाच्या दांड्याला आपटतो. टक्. त्या क्षणी काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद फुलतो, तो लेकीच्या लग्नातही दिसला नव्हता. "ऐकलंस? अख्खा वेळ हा इथे अडकून बसला असता!"

काकू भांडी विसळून लावतात, हा दुसरा गुन्हा. खरकटं झटकायचं, विसळायचं नाही. "पावडरीत एन्झाइम असतात. पिठूळ, चिकट सगळं तेच फोडतात. त्यांना काही ठेवायला नको?"

"पाहुणे आहेत का ते?" काकू विचारतात.

हे मशीन आपल्या ताटांसाठी जन्मलेलं नाही, हे काकाही मान्य करतात. अमेरिकेतल्या इलिनॉयच्या जोसेफिन कॉक्रन या बाईंनी 1886 साली त्याचं पेटंट घेतलं. बाईंनी आधी बशा-ताटल्या मोजल्या आणि मग त्या मापाचे तारेचे कप्पे केले, हे काकांना थोर वाटतं. काठाचं स्टीलचं ताट त्या कप्प्यात तिरकं अडकतं. दोन कानांची कढई शेजारच्या दोघांची जागा खाते. कॉक्रनबाईंचं नाव निघालं की काकू एवढंच म्हणतात, "तिच्या घरी पिठलं होत नसेल."

पेटीत नीट बसवण्याची येरवड्याला परंपरा आहे, हाही काकांचा एक मुद्दा. 1930 च्या सुमारास इथल्या तुरुंगात असताना गांधीजींनी चरखा घडी करून पेटीत मावेल असा करवून घेतला; त्याला येरवडा चरखाच म्हणतात. गांधीजी स्वतःचं ताट स्वतः घासत, ही पुढची माहिती काका देत नाहीत.

एरवी उभ्या पुण्यात कुणी जरा विचित्र वागलं की 'येरवड्याला पाठवा' म्हणायची पद्धत आहे, कारण मनोरुग्णालयही इथेच. आम्ही मुळात येरवड्यातच राहत असल्यामुळे काकूंना ती सोय नाही.

मिठाचा प्रसंग मात्र सांगायलाच हवा. आमच्याकडे भामा आसखेडचं पाणी येतं, पण कमी पडलं की टँकर, आणि टँकरचं पाणी जड असलं की काचेवर पांढरे डाग. काका ग्लास ट्यूबलाइटसमोर धरून डाग बघतात आणि मशिनाच्या तळाच्या भोकात नरसाळ्यानं जाडं मीठ ओततात. पाण्यातले क्षार धरून ठेवणारी रेझिन आत असते, ती त्या मिठानं ताजी होते. काकूंच्या बहिणीनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिनं हळूच विचारलं, "दृष्ट काढताहेत का? मग मोहऱ्या कुठायत?"

काकांच्या शास्त्रात एक नापास यादीही आहे. लोखंडी तवा गंजतो, ॲल्युमिनियमची कढई काळी पडते, पोळपाट-लाटणं तडकतं, तांब्या-पितळेचा तर प्रश्नच नाही. हे सगळं काका अत्यंत हळुवारपणे रॅकमधून काढून सिंकमध्ये ठेवतात. तिथून पुढे त्याचं काय होतं, याची मॅन्युअलमध्ये माहिती नाही. सकाळी ते सगळं घासलेलं, जागच्या जागी असतं. सकाळी मशीन रिकामं करण्यातही काका नसतात. आधी खालचा रॅक काढावा, नाहीतर वरच्या कपांच्या बुडातलं पाणी खालच्या ताटांवर सांडतं, हे ते बाल्कनीतून सांगतात.

मुलगी जर्मनीत, स्टुटगार्टला. रविवारी व्हिडिओ कॉल. परवा तिनं नातवाला कॅमेऱ्यासमोर धरलं. "बाबा, हा बघा, पहिला दात!"

"दिसला, दिसला. छान आहे. तुझ्या मागे रॅक उघडा आहे का गं? जरा फोन खाली घे. अजून खाली. ते पातेलं पावडरीच्या झाकणाला आडवं आलंय. झाकण उघडणार कसं?"

मुलगी काही बोलायच्या आत शेजारून जावयांचं डोकं आत आलं.

"बाबा, मी हिला रोज हेच सांगतो. हिनं लावलं की मला पुन्हा लावायला लागतं."