हायपोशेठ

येवल्यात रंगाला तोटा नाही. बाजारात पैठणीची दुकानं, संक्रांतीला आभाळभर पतंग, रंगपंचमीला ट्रॅक्टरवर पिंपं चढवून एकमेकांना भिजवायचे सामने. अशा गावात राहून हा माणूस ब्लॅक अँड व्हाइट रोलवर फोटो काढतो. वर पैठणीच्या दुकानदाराला तोंडावर सांगतो, “रंग आला की लोक फोटो बघत नाहीत, रंगच बघत बसतात.”

स्वतःचा धंदा मात्र मोबाइलची कव्हरं आणि टेम्पर्ड ग्लास विकायचा. ग्लास बसवायला आलेल्या पोराच्या फोनमध्ये हजारांनी फोटो दिसले की शेठचा जीव तुटतो. “यातला एक तरी पुन्हा उघडून बघितलास का? रोलमध्ये छत्तीसच असतात बाळा. विचार करून दाबावं लागतं.” पोराला क्रिकेटला जायचं असतं. आत बुडबुडा राहिलेली ग्लास आणि अर्ध्या तासाचं व्याख्यान घेऊन ते बिचारं सुटतं. आता नावाचं. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, फिल्म पक्की करायचं औषध. जुन्या स्टुडिओवाल्यांचा हा रोजचा शब्द. शेठच्या तोंडी तो दिवसातून इतक्यांदा येतो की गल्लीने तोच त्याला चिकटवला.

बाधा झाली ती मामांच्या माळ्यावर. तिथे त्याला झेनिट सापडला. रशियन कॅमेरा, बॅटरीची भानगड नाही आणि वजन असं की चोराच्या टाळक्यात घातला तर चोर जाईल, कॅमेरा राहील. पहिला रोल शेठने आमच्या गल्लीतल्या नानांवर खर्च केला. नानांची हयात हातमागावर गेली. त्यांना मागावर बसवून हा पठ्ठ्या दर मिनिटाला ओरडायचा, “नाना, हलू नका!” धोटा फेकायचाच नाही तर मागावर बसायचं कशाला, हे नानांना कळेना. छत्तीस फोटो झाले. सदतिसावा निघाला, अडतिसावा निघाला, चाळिसावाही निघाला. शेठला शंका आली नाही. उलट कंपनीने चार जास्तीचे दिले म्हणून स्वारी खूश.

रोल धुतला तर काचेसारखा कोरा. टोक स्पूलमध्ये नीट अडकलंच नव्हतं. सगळा वेळ शटर वाजत होतं आणि फिल्म डबीत निवांत झोपली होती. लीव्हर ओढल्यावर डावीकडची रिवाइंडची गुंडी फिरते का, एवढंच बघायचं असतं. फिरली तर फिल्म सरकतेय. आता हाच शेठचा नवशिक्यांसाठीचा पहिला धडा आहे, आणि तो असा सांगतो की जणू शोध त्यानेच लावला.

दुसरा धडा अंधाराचा. सिनेमात दाखवतात तो लाल दिवा कागदावर प्रिंट काढताना चालतो. फिल्म धुण्याच्या टाकीत भरताना मात्र ठार काळोख लागतो, कारण तिला लालही दिसतो. म्हणून रात्री न्हाणीघराच्या दाराला गोधडी लावून शेठ आत बसतो. वाया गेलेल्या रोलवर आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून सराव करावा, हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण घाम फुटला की प्लॅस्टिकच्या चकरीत फिल्म अडकते. आणि घाम फुटायच्या नेमक्या वेळी बाहेरून वहिनींचा आवाज येतो, “अहो, नळाला पाणी आलंय!” येवल्यात यापुढे कुठलीही कला टिकत नाही. आत शेठ, हातात अर्धी गुंडाळलेली फिल्म, बाहेर बादल्यांचा खडखडाट. त्या रोलवरचे अर्धे फोटो एकमेकांना चिकटून निघाले.

डेव्हलपरला, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या औषधाला, वीस अंशांचं पाणी लागतं. एचपी-५ फिल्म आणि पातळ न केलेलं डी-७६ घेतलं तर वीस अंशांना साडेसात मिनिटं, पाणी तापलं की वेळ कमी करायचा. पण मे महिन्यात येवल्याच्या टाकीतलं पाणी चहाला निम्मं तयारच असतं. शेठने माठावर डोळा ठेवला. आई म्हणाली, “माठ माणसांना प्यायला भरलाय का तुझ्या रोलला?” आता तो लस्सीवाल्याकडून बर्फ आणतो, परातीत ठेवतो आणि त्यात बाटल्या उभ्या करतो. औषधात बर्फ टाकायचा नाही, ते पातळ होतं. मग दर मिनिटाला टाकी चारदा उलटीसुलटी करायची आणि तळ हलकेच आपटायचा, म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतात. (मोबाइलच्या ग्लासवर एवढी मेहनत घेतली असती तर दुकान चाललं असतं.)

या सगळ्यातली एकच गोष्ट वहिनींना मान्य आहे, ती म्हणजे शेवटची धुलाई. वाहत्या नळाखाली फिल्म धरायची नाही. टाकी भरून पाच वेळा उलटायची, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. इलफर्ड कंपनीची ही रीत दुष्काळी तालुक्यासाठीच काढली असावी, असं वहिनींचं मत आहे.

शेठचं दैवत दादासाहेब फाळके. आपल्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी सरस्वतीबाईंनी घरच्या व्यापातून फिल्म धुण्याचं कामही अंगावर घेतलं, हे तो वहिनींना वरचेवर ऐकवतो. वहिनींनी एकदाच उत्तर दिलं: “म्हणजे धुणं शेवटी बायकोकडंच ना!” तेव्हापासून फाळके घरात नाहीत, दुकानातच असतात. तिथे त्यांच्या जोडीला उटीचा सरकारी फिल्म कारखाना आणि त्याचा ‘इंदू’ रोल यांच्या नावाने उसासे. कारखाना बंद पडला आणि आता परदेशी रोलला हजाराच्या घरात पैसे पडतात, याचं दुःख शेठने एकट्याने वाहायचं ठरवलंय.

नानांनाही त्याने सोडलं नाही. “नाना, या रोलने मला सबुरी शिकवली.” नाना पदरावरच्या मोराचा एक एक धागा बोटाने उचलत होते. ती साडी मागावर चढून महिने झाले होते. त्यांनी वर न बघता विचारलं, “किती वेळ लागतो धुवायला?”

“सुकण्यासकट तीन तास.”

“बापरे,” नाना म्हणाले आणि पुढचा धागा उचलला.

शेवटी तो फोटो आला. साडी उतरल्यावर नानांनी ती हातावर धरली आणि शेठने टिपली. खरं सांगतो, चेहरा अप्रतिम आलाय, जर लखलखतेय, हातावरची शीरन् शीर दिसते. नानांनी बराच वेळ बघून विचारलं, “काठ कुठं गेला?” हिरव्या साडीला लाल काठ होता. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर तो लाल आणि तो हिरवा एकाच राखाडीत उतरले होते. महिनोन्‌महिन्यांचा काठ एका क्लिकमध्ये गुल. लाल फिल्टर लावला असता तर काठ उजळला असता आणि हिरवा काळवंडला असता, हे शेठला ठाऊक होतं. फिल्टर दुकानात गल्ल्याशेजारी पडला होता.

फोटो नानांच्या घरात लागला, हे मात्र खरं. पुण्याची गिऱ्हाइकं तो बघून हमखास विचारतात, “यातली ही साडी कुठल्या रंगात येईल?” नाना रंग सांगतात, कपाटातून पैठणी काढून पसरतात आणि सौदा होतो. शेठला आजवर एकही गिऱ्हाईक त्या फोटोमुळे मिळालेलं नाही. नानांना बरीच मिळाली.