कॅश क्लिअर केली का?

प्रत्येक सोसायटीत एक मोबाइलवैद्य असतो. वय सोळापासून चौसष्टपर्यंत कितीही, शिक्षण कॉमर्सचं, नोकरी भलत्याच खात्यात. त्याची नेमणूक कोणत्याही सर्वसाधारण सभेत झालेली नसते. कधीतरी त्याने कुणाच्या तरी फोनचा गेलेला आवाज परत आणलेला असतो, तोही बाजूचं बटण दाबून, आणि तेव्हापासून ‘सी विंगमधल्या त्याला दाखवा’ हे वाक्य त्याला जन्माचं चिकटतं. अमुक अ‍ॅप सारखं बंद पडतंय अशी पाटी पडद्यावर झळकली की माणसं त्याच्या दाराची बेल वाजवतात आणि मागे वळल्यावर म्हणतात, ‘त्याला तरी कुठे काय कळतंय!’ आरोप खरा आहे. तरीही हा माणूस सोसायटीला लिफ्टइतकाच गरजेचा आहे असं माझं मत आहे. कारण त्याच्या हाती फोन बरे होतात ते बहुतेकदा त्याच्या औषधाने होत नाहीत, त्याच्या वेळकाढूपणाने होतात.

हा वेळ कसा जातो ते पाहण्यासारखं असतं. फोन हातात आला की तो आधी शर्टाला पुसायचा. मग कव्हर काढून त्यातली मेट्रोची जुनी तिकिटं आणि पन्नासाची घडी घातलेली नोट मालकाच्या स्वाधीन करायची. मग ब्राइटनेस पूर्ण वाढवून, ‘काकू, यात काय काय भरून ठेवलंय हो?’ भरलेल्या असतात शुभ सकाळच्या गुलाबांच्या चार हजार प्रती. मग उघडलेली सगळी अ‍ॅप्स अंगठ्याने एकामागून एक वर भिरकावून द्यायची. याने बॅटरी वाचते हा त्याचा ठाम सिद्धांत. वाचत नाही असं गूगलच्या अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीच २०१६ साली सांगितलं होतं, पण वैद्यापर्यंत ते पोचलेलं नाही. पुढे सेटिंग्ज, अ‍ॅप्स, कोपऱ्यातले तीन ठिपके, ‘शो सिस्टिम’, आणि काकूंच्या डोळ्यांसमोर शंभरेक अनोळखी नावं. याच क्षणी तो ‘कॅश क्लिअर करू का?’ असं विचारतो. काकू घाईघाईने पर्स सांभाळतात. एवढं होईपर्यंत चहा आलेला असतो, तो संपतो, फोन एकदा बंद करून सुरू होतो, आणि दिवसभर बंद पडणारं अ‍ॅप चालायला लागलेलं असतं.

आता पुरावा. २०२१च्या मार्चमध्ये, आपल्याकडे २३ तारखेच्या सकाळी, जगभरच्या अँड्रॉइड फोनवर जीमेलसह अनेक अ‍ॅप्स उघडताक्षणी कोसळू लागली. दोष त्या अ‍ॅप्सचा नव्हताच. अँड्रॉइडमध्ये ‘वेबव्ह्यू’ नावाचं एक सिस्टिम अ‍ॅप असतं. इतर अ‍ॅप्सना आपल्या पोटात वेबपान दाखवायचं असलं की ती या एकाच खिडकीतून दाखवतात. २०१४च्या लॉलीपॉपपासून ही खिडकी स्वतंत्रपणे, प्ले स्टोअरमधून अपडेट होऊ लागली. सोय चांगली होती, पण सगळ्या वाड्याला खिडक्या बसवणारा सुतार एकच, त्यामुळे त्याची चूक झाली की सगळ्या बिऱ्हाडांत एकदम पाऊस. प्रयोगासाठीच्या सेटिंग्ज फोनवर पाठवणाऱ्या यंत्रणेतच दोष होता असं गूगलने नंतर सांगितलं आणि काही तासांत वेबव्ह्यू आणि क्रोमची सुधारित आवृत्ती दिली. त्या दिवशी मोबाइलवैद्यांनी देशभर केवढी कॅश क्लिअर केली असेल याची कल्पनाच करावी. काहींनी घाईने फोन फॉरमॅट केला, फोटो घालवले, आणि अ‍ॅप पुन्हा कोसळताना पाहिलं. वेळ काढणारा वैद्य ज्यांना भेटला त्यांचे फोटो वाचले. आयफोनवाल्यांनीही नाक वर करू नये. २०१८च्या फेब्रुवारीत एका तेलुगू जोडाक्षराने त्यांचे फोन लोळवले होते. संदेशातून ते अक्षर आलं की अ‍ॅप बंद. ते अक्षर होतं ‘ज्ञा’. ज्ञानाने यंत्र कोसळल्याची ही नोंद अ‍ॅपलच्या ११.२.६ या आवृत्तीने मिटवली. कुठल्याही विंगमधल्या कुणालाही ते जमण्यासारखं नव्हतं.

यावर कुणी म्हणेल की रीस्टार्टने खरोखर गुण येतो, त्याचं श्रेय तरी द्या. देतो. अडकून बसलेली कामं संपतात, मेमरी मोकळी होते, अ‍ॅप कोऱ्या पाटीवर सुरू होतं. हे औषध अस्सल आहे आणि म्हणूनच ते पहिलं असावं. दुसरं अस्सल औषध म्हणजे सिस्टिम अ‍ॅपचे अपडेट काढून टाकणं. हे अ‍ॅप वाड्याच्या खांबासारखं असतं, भाडेकरूसारखं बाहेर काढता येत नाही. पण वरचा नवा रंग खरवडून कारखान्यातून आलेला मूळ खांब उघडा करता येतो. वेबव्ह्यूच्या वेळी अनेकांनी तेच केलं. वैद्याला हेही ठाऊक असतं, पण त्याचा जीव रमतो तो कॅशमध्ये. आणि धोका तिथेच, शेजारच्या बटणात आहे. कॅश म्हणजे पुन्हा तयार होऊ शकणारा पसारा, तो पुसला तर नुकसान नाही. डेटा किंवा स्टोरेज पुसलं की त्या अ‍ॅपने फोनवर ठेवलेलं सगळं जातं. ‘कॉन्टॅक्ट्स स्टोरेज’ या सिस्टिम अ‍ॅपचा डेटा पुसला तर ऑनलाइन खात्यात न साठवलेले नंबर फोनमधून नाहीसे होतात, दूधवाल्यापासून विहिणीपर्यंत. दोन बटणं एकमेकांना खेटून, अंगठा जाड, आणि समोर चहा. माझ्या सिद्धांताची कमजोर बाजू इथेच आहे, हे कबूल करायला हवं: वेळ काढणं निरुपद्रवी असतं ते फक्त योग्य बटणावर.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. वेळ काढून सगळंच बरं होत असेल तर वैद्य तरी कशाला? फोन उशाखाली ठेवून झोपावं. पण सगळंच बरं होत नाही. २०२०च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एका तळ्याचा देखणा फोटो वॉलपेपर म्हणून लावताच अँड्रॉइड १०चे काही फोन वेड्यासारखे चालू-बंद होऊ लागले. फोटो एका वेगळ्या रंगपद्धतीत साठवलेला होता. पडद्याचं दर्शनी रूप सांभाळणारं ‘सिस्टिम यूआय’ त्याची उजळता मोजायला बसलं. त्याच्याकडे शून्यापासून २५५पर्यंतचे कप्पे, आणि उत्तर निघालं त्याच्या पुढचं. कप्पाच नाही म्हटल्यावर ते कोसळलं, पुन्हा उठलं, पुन्हा तोच फोटो मोजायला बसलं. इथे चहाचे दहा कप झाले असते तरी उपयोग नव्हता. इथे उपयोगी पडतो तो एकच प्रश्न, आणि जातिवंत वैद्य फोन हातात घेण्याआधी तोच विचारतो: ‘काल काय केलंत?’ उत्तर सगळ्या महाराष्ट्रात एकच असतं. ‘काही नाही रे, आपोआप झालं.’ मग पाचेक मिनिटांनी कळतं की नातवाने एक गेम घातला होता, जावयाने ‘फोन फास्ट करणारं’ काहीतरी टाकून दिलं होतं, आणि एक वॉलपेपर, ‘पण तो काय, नुसता फोटोच ना!’

म्हणून पुढच्या वेळी त्याच्या दाराची बेल वाजवण्याआधी फोटो आणि नंबरांचा बॅकअप घ्या. तो कॅशचं बटण दाबत असताना बोटाकडे लक्ष ठेवा. आणि त्याने ‘काल काय केलंत’ असं विचारलं, तर खरं सांगा.