काकांची जुनी कटर मशीन

"काकू, भंगारवाल्याले काकांनी दारातूनच वापस लावलं म्हने?"

"वापस? अवं, चहा पाजून लावलं! तो किलोचा भाव सांगून राह्यला, अन् यायनं मशीनवर हात ठेवला. म्हने, इकायची नाही."

"पण आता नवी आली ना! ओसरी अडवून ठेवली त्या जुनीनं."

"माही खाट परसात गेली, मी काय बोलू! पण काम लागलं वं तिले. मधमाश्याच्या पेट्या."

आमच्या चिखली, मेहकर, देऊळगावराजाकडे कांद्याचं बियाणं धरतात. फेब्रुवारी-मार्चात गोंडे फुलतात. पण कांद्याच्या फुलाचा पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर मागून तयार होतो. एका फुलातून दुसऱ्यात पराग न्यायला माशीच लागते. म्हणून बांधावर पेट्या ठेवतात.

"तर पेटीत म्हने चौकटीभोवती सहा ते नऊ मिलिमीटरच जागा पाह्यजे. जास्त झाली का माश्या तिथंच पोळं बांधतात, कमी झाली का पेटीतल्या इटालियन माश्या राळेनं बुजवून टाकतात. मंग चौकट उचलाले गेलं का सारं चिकटलेलं!"

"मंग नव्या मशीनवर का नाही करत?"

"तिच्यावर दिवसभर प्लाय, दारं, पट्ट्या. दर वेळी पातं वर-खाली, गाइड इकडं-तिकडं. थोडं सरकलं का माप गेलं. म्हनून जुनीचं गाइड बोल्टानं आवळून टाकलं. उंचीचं चाक काढून खुंटीले टांगलं, पोराईनं फिरवू नये म्हनून. आता ती फक्त पेटीत चौकटी टेकवाची खाच पाडते. बाजूले खिळ्यावर एक नमुन्याचा तुकडा हाये; पह्यली खाच त्याच्याशी लावून पाहाची, मंग पुढचं."

मला पटलं. म्हाताऱ्या यंत्राला रोज नवं काम सांगण्यापेक्षा हे बरं.

"पन गल्लीत तर बोलून राह्यले, काकांनी आरा गिरणी टाकली!"

"टाकतील! ओंडके फाडाचे तर वनखात्याचा परवाना लागते. हे बाजारातून चिरलेली फळी आनतात. अन् सागाच्या पेट्या केल्या तर माश्याच्या आधी चोर येतीन, म्हनून साधंच लाकूड. पात्यावर झाकण नव्हतं, ते मी पह्यलं बसवाले लावलं."

"काकू, आमच्या भाऊजींनी औंदा बियाण्यासाठी कांदा लावलाय."

"मंग पेट्या आताच सांगून ठेवा म्हनाव. अन् गोंडे फुलल्यावर औषध फवारू नका."