कुर्ल्याचे भावी

कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला उतरून सीएसटी रोडच्या दिशेने चालू लागलं की दर दोन खांबांआड एक हसरा चेहरा भेटतो. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात जाड साखळी, हात जोडलेले आणि खाली ठळक अक्षरांत ‘भावी नगरसेवक’. खरं नाव त्याखाली इतकं बारीक छापलेलं असतं, की ते वस्तीत कुणाच्या लक्षातच राहिलेलं नाही. सगळे त्यांना ‘भावी’ म्हणतात. त्यांची बायकोसुद्धा शेजारणीला सांगते, “आमचे भावी अजून जेवले नाहीत.”

२०१७ साली त्यांना तिकीट मिळालं नाही. तेव्हा ते म्हणाले, पाच वर्षं काय, बघता बघता जातील. ७ मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणूक उजाडली थेट जानेवारी २०२६ मध्ये. पाचाची नऊ वर्षं झाली. मुंबईत इतका काळ ‘भावी’ राहणं एरवी फक्त झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींना जमतं.

भावींचे वडील प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते. तेव्हा पद्मिनी गाडी इथे कुर्ल्यातच बनायची. वडिलांनी जन्मभर गाड्या जोडल्या, मुलाने जन्मभर त्या सुट्या केल्या. कारखाना बंद पडला, त्या जागेवर कोहिनूर सिटी उभी राहिली आणि वडिलांच्या हिशेबाच्या पैशातून भावींनी सीएसटी रोडवर जुन्या पार्टचं दुकान टाकलं. दरवाजे, बंपर, आरसे, हेडलाइट, गिअरबॉक्स. माल ज्या अवस्थेत दिसतो त्याच अवस्थेत घ्यायचा, दुकानाची पायरी उतरल्यावर तक्रार नाही. भावींचं राजकारण समजून घ्यायचं, तर आधी या दुकानात तासभर बसावं लागतं.

एकदा एक टुरिस्ट गाडीवाला वॅगनआरचा दरवाजा शोधत आला. भावींनी त्याच्याकडे न बघता भाव सांगितला, “साडेपाच हजार.”

“काय बोलता शेठ! दोन देतो.”

भावींनी छातीवर हात ठेवला. घरात कुणी गेल्याची बातमी आल्यासारखा चेहरा केला. पोऱ्याला चहा सांगितला. चहा येईपर्यंत गाडीवाल्याचं गाव, मुलं, मुलांची शाळा असं सगळं विचारून झालं. मग म्हणाले, “माझ्या हातात असतं तर फुकट दिला असता. पण माल पार्टनरचा. थांबा, वर विचारून सांगतो.” दुकानाला माळा नाही आणि भावींना पार्टनरही नाही. ते मागच्या बाजूला जाऊन एक विडी ओढून आले. “तीन म्हणतोय. पण फक्त तुम्हाला हं. बाहेर आकडा फोडू नका.”

गाडीवाला अडीच हजार वाचवल्याच्या आनंदात गेला. दरवाजा भावींना नऊशेला पडला होता.

धंद्याचे तीन नियम ते मला नेहमी ऐकवतात. पहिला भाव असा सांगा, की त्याचं निम्मंसुद्धा मेहेरबानी वाटली पाहिजे. नाही कधी म्हणू नका, ‘वर विचारतो’ म्हणा. आणि शेवटचा भाव कानात सांगा, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटतं की स्वस्त फक्त आपल्यालाच मिळालं. त्यांचा मुलगा एमबीए झाला. पहिल्याच सुट्टीत घरी येऊन त्याने वडिलांना ‘अँकरिंग’ समजावून सांगितलं. भावींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रात्री मला म्हणाले, “साडेचार लाख फी भरून पोरगा काय शिकला, तर पहिला भाव चढा सांगावा.”

निवडणुकीची हवा सुटली, तसे भावी जाहीरनामे वाचायला लागले. आपण वाचतो तसे नव्हे, तर वाशीचा व्यापारी रोजचे दर बघतो तसे. विधानसभेच्या वेळचे, नोव्हेंबर २०२४ मधले दोन दिवस त्यांना अजून पाठ आहेत. सरकारी योजनेतून लाडक्या बहिणींना महिना १५०० रुपये मिळत होते. ५ तारखेला महायुतीने कोल्हापूरच्या सभेत २१०० चा आकडा लावला. दुसऱ्याच दिवशी महाविकास आघाडीने आपल्या शेजारी बीकेसीत ३००० सांगितले. “एका रात्रीत नऊशे चढले,” भावी भारावून सांगतात. “इतक्या वेगाने तांबंसुद्धा चढत नाही.”

घरांचंही तसंच. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करू, असं शिवसेनेने २०१७ साली सांगितलं आणि पूर्ण माफीची घोषणा व्हायला २०२२ चा १ जानेवारी उजाडला. २०२६ ला दोन ठाकरेंच्या संयुक्त वचननाम्यात तोच आकडा ७०० झाला. भावींनी ताबडतोब वहीत स्वतःची बोली लिहिली : ९००.

मी म्हटलं, “भाऊ, हे तुमच्या हातात आहे का?”

“नाही ना. म्हणून तर सांगता येतं. आपल्या हातात असलेली गोष्ट कोण सांगेल? ती करावी लागते.”

शिवाय कायदाही आपल्या बाजूने आहे, असं त्यांचं म्हणणं. तामिळनाडूतल्या फुकट टीव्ही-मिक्सरच्या खटल्यात, जाहीरनाम्यातलं आश्वासन हा कायद्याच्या भाषेत भ्रष्ट मार्ग ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ साली म्हटलं. त्याच निकालात कोर्टाने याबद्दल नियमावली करायला सांगितलं आणि त्याप्रमाणे आश्वासनामागचं कारण अन् पैसा कुठून आणणार हे पक्षांनी सांगावं, अशी अपेक्षा निवडणूक आयोगाने पुढे व्यक्त केली. भावींनी निकालाचा पूर्वार्ध लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावला आहे. उत्तरार्ध लॅमिनेशनमध्ये मावला नाही.

धंद्याचा दुसरा नियम, ‘वर विचारतो’, तर कुर्ल्यासाठीच बनलेला आहे. मिठी नदी इथून वाहते. २६ जुलै २००५ ला तिने काय केलं ते इथल्या प्रत्येक घराच्या भिंतीला माहीत आहे. त्यानंतर तिची कामं वाटली गेली : ११.८४ किलोमीटर पालिकेकडे, ६ किलोमीटर एमएमआरडीएकडे. त्यापुढे रूळ रेल्वेचे, वसाहती म्हाडाच्या, झोपड्या एसआरएच्या. इतके ‘वर’ असल्यावर विचारायला जागाच जागा! गाळाचं गाऱ्हाणं घेऊन कुणी आलं, की भावी हळहळतात, चहा सांगतात आणि म्हणतात, “तुमचा गाळ नेमका एमएमआरडीएच्या हद्दीत येतो. वर विचारतो.”

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघाली. २२७ पैकी ११४ जागा महिलांना गेल्या, त्यांत भावींची एक. दुसऱ्या दिवशी खांबांवरच्या फलकांत वहिनी आल्या. भावी त्यांच्या मागे, किंचित लहान आकारात, पण बोट वर करून. वहिनींना भाषण करायचं नव्हतं. मग कोपरासभा भावींनीच घ्यायची आणि वहिनींनी हात जोडायचे, असं ठरलं.

पहिली सभा पाइप रोडजवळच्या एका गल्लीत झाली. गल्ली अशी, की समोरून माणूस आला तर एकाने घरात शिरावं लागतं. मधून उघडं गटार. भावींनी पहिला भाव फोडला, “चोवीस तास पाणी!” गल्लीत पाणी पहाटे येतं आणि बायकांची अंघोळ होईपर्यंत जातं. लोक हसले. भावींनी ते अपेक्षित धरलेलंच होतं. “बरं, आठ तास.” कुणीतरी मागून ओरडलं, “राहू दे!” भावी खाली उतरले. “चला, तुमचं नाही माझं नाही, जेवढं येतं तेवढंच, पण प्रेशरने!” टाळ्या पडल्या. जे मिळतंय तेच पदरात पाडून घेतल्याचं समाधान गल्लीभर पसरलं. माझ्याकडे बघून भावींनी डोळा मारला.

मग त्यांनी ९०० चौरस फुटांची करमाफी काढली. तेव्हा उंबऱ्यात बसलेल्या एका आजींनी तोंड उघडलं. आजी कित्येक वर्षं कुर्ल्याच्या मार्केटात भाजी विकत होत्या, आता गुडघ्यांमुळे घरी असतात.

“माझं घर किती फुटांचं, सांग.”

“असेल की शंभर-सव्वाशे.”

“त्याचा कर येतो मला?”

“झोपडीला कुठला कर, आजी?”

“मग नऊशे फुटांतलं माफ काय केलंस माझं?”

गल्ली पुन्हा हसली, पण या हसण्याची तयारी भावींनी केलेली नव्हती. आजी थांबल्या नाहीत. “पंच्याण्णव साली चाळीस लाख लोकांना फुकट घरं देणार होते. तेव्हा खोली म्हणाले सव्वादोनशे फुटांची. मग म्हणाले दोनशे एकोणसत्तर. आता म्हणे तीनशे. घर माझं वाढतंय बघ, कागदावर. आणि तारीख? आधी पंच्याण्णवच्या आतले, मग दोन हजारच्या आतले, मग अकराच्या आतले. मी सगळ्यांच्याच आत आहे आणि अजून इथंच आहे.”

भावींनी छातीवर हात ठेवला, चेहरा केला, चहा सांगितला. आजी म्हणाल्या, “चहा नको. मी पण बाजारात बसलेली बाई आहे. मळ्यावर जाऊन पालक ठरवला, तर माळी काय म्हणायचा? बयाणा टाक. तोंडी सौदा माळी धरायचा नाही. तू दुकानात धरतोस?”

“नाही,” भावींच्या तोंडून निघून गेलं. धंद्याच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नाही.

“मग मतं काय पालकापेक्षा स्वस्त आहेत? विधानसभेला तीन हजारवाले पडले आणि एकवीसशेवाले आले. का आले? सुनेच्या खात्यात दीड हजाराचे हप्ते आधी पडले होते. तो बयाणा. आता वर्ष सरलं तरी हप्ता दीड हजाराचाच येतोय, ती गोष्ट वेगळी. पण बयाणा पडला होता ना? तू काय टाकतोस?”

भावींपुढे नऊ वर्षांत पहिल्यांदा खरं गिऱ्हाईक उभं राहिलं होतं. एरवी मतदार पहिला भाव ऐकतो, एक तर भुलतो नाहीतर शिव्या घालतो. उलट भाव कुणी करत नाही. भावींची कळी खुलली. तासभर घासाघीस झाली. भावी गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचं बाकडं म्हणाले, वर आपलं नाव. आजी म्हणाल्या, बाकडं ठेवलं तर आम्ही चालायचं कुठून? शेवटी गटारावर झाकणं आणि गल्लीच्या अर्ध्या लांबीला लादी, एवढ्यावर सौदा पटला. आजींनी अट घातली, “आचारसंहिता लागायच्या आत. नंतर म्हणशील, करायचं होतं पण नियम आडवा आला.” उरलेली अर्धी लादी निवडून आल्यावर. त्या बदल्यात गल्लीतली एकूण एक मतं वहिनींना.

आणि खरंच, १५ डिसेंबरला आचारसंहिता लागली त्याच्या आदल्याच आठवड्यात लादी बसली. स्वतःच्या खिशातून. माप घेऊन. रात्री गिलाव्यावर कुत्रं चालू नये म्हणून भावी स्वतः खुर्ची टाकून बसले होते. मी चकित झालो, तर ते माझ्यावरच चिडले. “शब्द दिला की बयाणा टाकायचा, टाकला की माल द्यायचा. धंद्यात बेइमानी करत नाही आपण.” भाषणातला माणूस आणि हा माणूस एकच आहे, हे पचवायला मला वेळ लागला. पण तो एकच होता. समोरच्याने कोणत्या गल्ल्यावर उभं राहायचं, एवढाच फरक होता.

पुढे व्हायचं तेच झालं. जागावाटपात ती जागा मित्रपक्षाला गेली. भावींनी वहिनींचा अपक्ष अर्ज भरला. मला वाटलं, माणूस पेटला. पण भावींच्या डोक्यात सौदाच चालू होता. काही अर्ज निवडून येण्यासाठी भरतात, काही मागे घेण्यासाठी. बैलांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत, आकडा बाहेरच्याला दिसत नसे. २ जानेवारी हा माघारीचा शेवटचा दिवस. त्याच्या आदल्या रात्री एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर असाच रुमाल पडला. भावींच्या पदरात आजींच्या गल्लीची बांधलेली मतं होती. लादी दाखवून त्यांनी ती मोजून दिली.

सकाळी अर्ज मागे घेऊन ते थेट गल्लीत आले. आजी उंबऱ्यात होत्या.

“आजी, आपली मतं यंदा युतीच्या उमेदवाराला द्यायची.”

“विकलीस आम्हाला?”

“छे! एक पैसा घेतला नाही. मला स्वीकृत नगरसेवक करणार. साहेबांनी शब्द दिलाय.”

स्वीकृत नगरसेवकाला सभागृहात मत नसतं, हे मी हळूच सांगायला गेलो, पण आजींनी हाताने थांबवलं. त्यांना त्याहून महत्त्वाचं काही विचारायचं होतं.

“बयाणा काय घेतलास?”

भावींनी लादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खिशातली विडी काढली आणि परत ठेवली.

“साहेब म्हणालेत,” ते म्हणाले, “वर विचारून सांगतो.”