आत्ता तिकडे किती वाजले?

परदेशात वर्षानुवर्षं राहिलेला माणूस तिकडचं फारसं बोलत नाही. तिथलं घरभाडं आणि तिथली थंडी त्याला पुरती ठाऊक असते. बोलतो तो आठवडाभर जाऊन आलेला. मुक्काम जेवढा तोकडा, तेवढं वर्णन ऐसपैस. देवळाली कॅम्पात लॅम रोडवर संध्याकाळी फिरायला या, आमचे काका तुम्हाला भेटतीलच. नाही भेटले तर ते तुम्हाला गाठतील.

काका नाशिक रोडच्या प्रेसमधून रिटायर झाले. प्रेस म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस. देशाचे पासपोर्ट छापतात ती. जन्मभर लोकांच्या विलायतवारीची सोय केली, पण स्वतः काका कसारा घाट उतरले ते मुंबईतल्या लग्नामुंजींपुरते. साठी उलटल्यावर शाळेतल्या मित्रानं लंडनहून फारच आग्रह धरला, तेव्हा कुठे त्यांचा स्वतःचा पासपोर्ट निघाला. पोस्टमन दारात उभा असतानाच काकांनी तो उघडून हुंगला, शिलाई ओढून पाहिली आणि समाधानानं म्हणाले, "आपलाच माल!"

जूनमध्ये गेले आणि आम्ही त्यांच्या घरावर नीट लक्ष ठेवायला लागतोय तोवर परतही आले.

विलायतेच्या ओढीनं डोकं फिरणं कॅम्पाला नवं नाही. मुदत संपलेल्या गोऱ्या सोजिरांना मायदेशी धाडण्याआधी इथल्या तळावर आणून ठेवत. बोटी सुटायच्या हिवाळ्यात, तोवर हे बिचारे ऊन खात नुसते बसून असत आणि काही जण अगदी भ्रमिष्ट होत. पण ते तिकडे जायच्या आधी. जाऊन आल्यावर तसं होणारे काका बहुधा पहिलेच.

तिकडे असताना ते प्रत्येक पौंडाचे रुपये करत होते आणि कॉफी पीत नव्हते. इथे आल्यापासून रुपयांचे पौंड करतात. मिसळीचे पैसे देताना "म्हणजे पाऊण पौंड फक्त!" असं मोठ्यानं म्हणतात, आणि मिसळवाला पुढच्या वेळी भाव वाढवायचा विचार करतो. एकदा ते लॅम रोडवर पुसट झालेल्या झेब्रा पट्ट्यांवर उभे राहून रिक्षा थांबायची वाट बघत होते. रिक्षा थांबली. "कुठे सोडू, काका?"

हवेवर मात्र त्यांची पंचाईत होते. देवळालीची हवा म्हणजे आमचा कुलाचार. हवापालटासाठी मुंबईकर इथे येतात, पारशी-गुजराती मंडळींनी त्यासाठी सॅनिटोरियमं बांधली. तिच्याविरुद्ध ब्र काढायची काकांची छाती नाही. म्हणून "हवा आपलीच, पण तिकडे ती वेळेवर सुटते" असं काहीतरी ते बोलतात.

तोफांच्या बाबतीत मात्र ते कॅम्पाचे कट्टर. मित्रानं त्यांना वुलिच दाखवलं. ब्रिटिश तोफखान्याचं ते १७१६ पासूनचं माहेर. पण २००७ मध्ये शेवटची तुकडीसुद्धा तिथून हलली. "आपली तोफखान्याची शाळा १९४१ साली इथे आली ती आली," काका सांगतात. "अजून तावदानं वाजतात. तिकडे एक तावदान वाजत नाही हो! झोप कशी लागायची?"

खरी हकीकत काकूंकडून कळली. आठवड्यातले निम्मे दिवस मित्र कामावर होता आणि काका त्याच्या फ्लॅटमध्ये गुडघ्याला बाम चोळत बसले होते. संध्याकाळी मित्र आला की दोघं स्वयंपाकघरात बसायचे. विषय एकच, देवळाली. खंडोबाच्या टेकडीवर पहिला कोण पोचायचा, कॅन्टोन्मेंटच्या शाळेतले कोणते गुरुजी छड्या मारताना हात बदलायचे. "लंडनला जाऊन हेच," काकू म्हणाल्या. "आणि इथे येऊन ते. ज्या गावात असतील तिथलं बोलायचं नाही, असं यांचं काही व्रत आहे का?"

डिसेंबरात तो मित्र आला. आम्हाला वाटलं, आता काका जरा दबून राहतील. उलट त्यांना साक्षीदार मिळाला. टेम्स, टॉवर, तिकडची शिस्त, सगळं नव्यानं झालं. मित्र शेजारी बसून निमूटपणे मिसळ खात होता. बहुधा पौंडाचा हिशोब न करता, कारण त्यानं दुसरी मागवली.

काकांनी सवयीनं घड्याळ पाहिलं. साडेसहा वाजले होते. जूनपासून ते इथल्या वेळेतून साडेचार तास वजा करत आलेत.

"आत्ता तिकडे दुपारचे दोन."

"एक," मित्र रश्श्यात पाव बुडवत म्हणाला. "ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात आमच्याकडे."

काकांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "अरे, तू आता इकडे आहेस. तुला काय कळणार तिकडचं?"