कॅटची दुसरी खेप

कॅट ही प्रामुख्याने आयआयएमची प्रवेश परीक्षा. अलीकडे ती नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. गुण एका प्रवेशवर्षापुरतेच चालतात, वयाची अट नाही आणि कितीदा बसावे यालाही धरबंध नाही. या तीन नियमांतून रिपीटर जन्माला येतो.

रिपीटरची तयारी अपयशाच्या मीमांसेने सुरू होते. परीक्षा एकाच दिवशी तीन स्लॉटमध्ये होते, आणि सर्वांत अवघड स्लॉट दर वर्षी रिपीटरच्याच वाट्याला येतो. (नॉर्मलायझेशन गुणांचे होते, मीमांसेचे नाही.) पाठोपाठ खरेदी. जुन्या पुस्तकाची पहिली चाळीस पाने पेन्सिलीने काळवंडलेली आणि पुढची कोरी करकरीत असली, तरी नवी आवृत्ती घेणे शास्त्रसंमत मानतात.

तयारीचा गाभा म्हणजे मॉक, अर्थात सराव परीक्षा. 120 मिनिटे, तीन विभाग, प्रत्येकी 40 मिनिटे. एकदा विभाग सुटला की मागे फिरता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण, बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक वजा. इंग्रजीच्या उताऱ्यांत लेखकाला काय म्हणायचे होते हे लेखकापेक्षा परीक्षकाला जास्त कळते, एवढे लक्षात ठेवले की पुरे. खरी कसोटी तर्काच्या सेटची. आठ मित्रांना गोल टेबलाभोवती बसवायचे असते. अकराव्या मिनिटाला सात जण ऐसपैस बसलेले असतात आणि आठव्याला जागा उरते ती नेमकी ज्याच्याशी त्याचे पटत नाही त्याच्या मांडीवर. अनुभवी रिपीटर असा सेट दुसऱ्या मिनिटालाच सोडतो. निदान सोडायला हवा होता, हे तो नंतर सर्वांना सांगतो.

मॉकपेक्षा मॉकचे विश्लेषण मोठे. त्यासाठी एक्सेलची शीट असते, तिला रंग असतात. चुका ‘सिली मिस्टेक’, ‘वेळ कमी पडला’ आणि ‘प्रश्नच संदिग्ध’ अशा रकान्यांत भरल्या जातात. ‘येत नव्हते’ हा रकाना आजवर कुठल्याही शीटमध्ये आढळलेला नाही.

एका बाबतीत मात्र तयारीचा इलाज चालत नाही. मुलाखतीच्या कॉलसाठी अनेक आयआयएम कॅटबरोबर दहावी-बारावीचे गुणही धरतात. पंधराव्या वर्षी भूमितीचे प्रमेय अर्धवट टाकून पाणी प्यायला उठलेला माणूस पंचविसाव्या वर्षी 99 पर्सेंटाइल मिळवतो, आणि कॉल जातो तो त्या दिवशी तहान न लागलेल्याला. ही बाब घरी समजावून सांगणे कठीण. त्यामुळे नातेवाइकांना ‘नोकरी चालूच आहे, जोडीला कसलासा कोर्स करतोय’ एवढेच कळवण्याचा प्रघात आहे.

धीर सुटलेल्यांसाठी एनमॅट ही दुसरी व्यवस्थापन प्रवेश परीक्षा असते. ती एकाच हंगामात तीनदा देता येते; कॅटमध्ये ज्या अनुभवाला तीन वर्षे मोजावी लागतात, तो तिथे काही आठवड्यांतच पदरात पडतो.